ऐनवेळचे विषय

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.
गणसंख्या पुरी होती :
सात माणसं, एक पंखा,
आणि कागद उडू नयेत म्हणून
नेनिताबाईंनी त्यांच्यावर ठेवलेला शिंपला.

सामार बेटावरच्या आमच्या अध्यापक महाविद्यालयात
दर जूनला कर्तृत्वाची यादी निघते.
ती मी करते,
कारण माझं अक्षर चांगलं आहे असं
अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं होतं.
आता सगळं टाइप होतं.
काम मात्र अक्षराच्याच नावावर राहिलंय.

तर, लिहा.
डॉ. क्रिसान्तो आबेल्यानोसा यांनी बँकॉकला निबंध वाचला :
'बहुवर्गीय शाळांतील गुणाकार'.
श्रोते चार. चौथा माईकवाला.
हे त्यांनीच सांगितलं, मासा सोलताना.
यादीत नाही.

रोमुलो ताबानाव यांना पीएच.डी., नवव्या वर्षी.
नाव नोंदवलं त्या आठवड्यात मुलगी झाली होती,
ती आता चौथीत आहे
आणि प्रबंधाला 'माझी बहीण' म्हणते.

युफेमिया दाकानाय सहा समित्यांवर :
मूल्यांकन, ग्रंथालय, गणवेश, सराव-पाठ,
पाहुण्यांच्या खुर्च्या,
आणि अल्पोपाहार, जिच्यात ती एकटीच,
त्यामुळे सगळे ठराव एकमताने.

यादी मंजूर झाली की फलक छापतात.
बारा फूट बाय आठ, प्लास्टिकचं कापड,
सगळ्यांचे चेहरे, डीनबाईंचा सर्वांत मोठा.
फाटकावर लटकतो
पुढचा येईपर्यंत.

मागचा डिसेंबरातच गेला. वादळ.
त्याच्याबरोबर ग्रंथालयाचे पत्रे,
कुंपणापाशी नारळाची रांग, नऊ वर्षांच्या फायली.
फेब्रुवारीत मूल्यांकनाचे पाहुणे आले.
पुरावे कुठे आहेत, म्हणाले.
युफेमियाने समुद्राकडे बोट केलं
आणि खुर्च्या मांडायला गेली.

मार्चमध्ये मी पाठ-निरीक्षणाला निघाले.
दीड तास होडी, मग गुडघाभर चिखल.
आमची जेनालिन पहिलीला वजाबाकी शिकवत होती,
किनाऱ्यावरचे खडे घेऊन.
सातातून चार गेले.
एका पोराने गेलेले चार खिशात घातले.

शाळेवर छप्पर अर्धंच.
उरलेल्या अर्ध्यावर आमचा फलक,
छपाई आतल्या बाजूला.
मान वर केली तर डॉ. आबेल्यानोसा हसतायत,
युफेमियाच्या कपाळाला भोक पाडून
सुंभ ओवलेला,
डीनबाईंच्या गालात पाणी साचून फुगवटा,
आणि माझं नाव बांबूमागे,
नुसतं 'चिटणीस' तेवढं दिसत होतं.

खडेवाल्या पोराने विचारलं,
बाई, वरची माणसं कोण?
माझ्याकडे न बघता जेनालिन म्हणाली,
ती होय? ती पाऊस अडवतात.
चला, आता नवातून पाच.

मी तक्ता भरला.
आवाज : स्पष्ट. फळा : नाही.
शैक्षणिक साधनांचा वापर :
इथे पेन अडलं. थेंब पडला,
कुणाच्या तरी हनुवटीवरून.
शेवटी 'परिसरातील' असं लिहिलं.

आता डीनबाई घड्याळ बघत विचारतात,
ऐनवेळचे विषय?
मी हात वर करते.
यंदाचा फलक जाड कापडाचा असावा, मी म्हणते.
कडांना कड्या जास्त असाव्यात. कपाळं सोडून.
आणि चेहरे जरा लहान करून
कोरी जागा ठेवावी थोडी.
रोमुलो खर्चाचं विचारतात.
नेनिताबाई कारण विचारतात.
कारण लिहू नकोस, युफेमिया पुटपुटते,
तोंडात तळलेलं केळं, हात अनुमोदनासाठी वर.

खर्चाअभावी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
आभार मानून सभा संपली.
युफेमिया मात्र छपाईवाल्याला फोन लावत उभी आहे :
कड्या कितीला? नाही, वेगळ्या. सुट्या.
बरं, शंभर.